'पोटभरल्यांचे चोचले' या प्रतिक्रियेला उत्तर

'एक पालक, लातूर' यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री ओपीडी आटपून घरी आल्यावर वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण झोप लागेना. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर व्हायची इच्छा असलेल्या मुलामुलींनी ऐकावेत असे विज्ञान आणि वैद्यकावरचे काही पॉडकास्ट मी गेल्या आठवड्यात सुचवले होते. त्यावर या पालकांनी लिहिलं, "डॉक्टरीणबाई, मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा दीड महिन्यावर आली आहे. पोरं एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांची ओळन् ओळ पाठ करताहेत. अशा वेळी अमेरिकेतल्या लोकांच्या गप्पा ऐकायला सांगणं म्हणजे पोटभरल्यांचे चोचले. यादीत एकही मराठी कार्यक्रम नाही. एक दिवस लातूरला येऊन या मुलांसोबत राहा, मग सल्ले द्या."

आधी माझी चूक. 'द कर्बसायडर्स' यादीत नको होता. तो प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिशियन मंडळींसाठी आहे, बारावीच्या मुलाला त्यातलं काही कळणार नाही. ते नाव मी काढलं आहे. आणि 'धिस पॉडकास्ट विल किल यू'चा भाग अर्ध्या तासाचा असतो असं मी लिहिलं होतं, तेही बरोबर नाही. बरेच भाग तासाच्या पुढे जातात. हे तुम्ही म्हटलेलं नाही, पण तुमच्यामुळे लेख पुन्हा वाचला आणि लक्षात आलं. त्याबद्दल आभार.

आता 'पोटभरल्यांचे'.

हा शब्द लिहिण्यापूर्वी तुम्ही माझ्याबद्दल काय जाणून घेतलंत? माझे अण्णा एसटीत कंडक्टर होते, करमाळ्याला. आम्ही तीन भावंडं. घरात एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोपणं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, झेडपीची शाळा. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी झाली, पण सर शिकवायचे मराठीतूनच. त्यामुळे शब्द डोळ्यांच्या ओळखीचे झाले, कानांच्या नाही. तेव्हा नीट नव्हती. बारावीच्या पीसीबीच्या (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गुणांवर प्रवेश मिळायचा, तसा 1992 साली मला एका सरकारी मेडिकल कॉलेजात मिळाला.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीची व्हायव्हा, म्हणजे शरीररचनेची तोंडी परीक्षा. समोर ट्रेमध्ये फॉर्मॅलिनमधलं स्पेसिमेन, परीक्षकांनी चिमट्यानं एक पातळ स्नायू उचलून धरला आणि विचारलं, हे काय? मला उत्तर येत होतं. त्याचा मज्जातंतू कुठून येतो, कोणत्या मणक्यांच्या पातळीला त्यातून काय काय आरपार जातं, सगळं तोंडपाठ होतं. तो होता छाती आणि पोटामधला, श्वासासाठी हलणारा पडदा. मी म्हणाले, "डायफ्रॅग्म." स्पेलिंगमध्ये जी आहे, म्हणून मी तो उच्चारला. परीक्षक हसले, शेजारच्यांना म्हणाले, "ऐकलंत का?" आणि मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मी पुन्हा तसाच म्हटला, कारण दुसरा कसा म्हणायचा ते मला माहीतच नव्हतं. त्यानंतर विचारलेल्या एकाही प्रश्नाला माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाहेर आल्यावर डोळे लाल का, असं मैत्रिणींनी विचारलं, तर मी फॉर्मॅलिनवर ढकललं.

त्या दिवाळीत अण्णांनी त्यांचा ट्रान्झिस्टर मला दिला. चामड्याच्या कव्हरातला, पट्टा तुटलेला. होस्टेलच्या खिडकीच्या गजाला तांब्याची तार गुंडाळली की रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लागायचं. 'सायन्स इन ॲक्शन' मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. आवाज यायचा, जायचा, मध्येच खरखर. रूममेटची झोपमोड नको म्हणून रेडिओ उशीखाली. शंभर पानी वहीत ऐकलेले शब्द देवनागरीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या डिक्शनरीत त्यांचं स्पेलिंग शोधायचं. एका रात्री श्वासाबद्दल काही चाललं होतं आणि कार्यक्रमातल्या बाई सहज म्हणून गेल्या, "डायफ्राम." मी अंधारात उठून बसले. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

साहेब, हे चोचले होते का? पोटभरल्या घरच्या मुलींना त्या रेडिओची गरज नव्हती. त्यांच्या घरी इंग्रजी बोललं जायचं, कुणाचा काका सर्जन, कुणाची आई गायनॅकॉलॉजिस्ट. जेवताना टेबलावर त्यांना जे फुकट ऐकायला मिळायचं, ते मला उशीखालून मिळवावं लागलं. आज तेच फोनवर मिळतं, म्हणून मी ती यादी केली. ज्या मुलीच्या घरी कुणी डॉक्टर नाही तिच्यासाठी केली. आणि तुम्ही नेमका उलटा आरोप करता. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

'अमेरिकेतल्या लोकांच्या गप्पा' असंही तुम्ही म्हटलंत. त्यातला एक तरी भाग पूर्ण ऐकलात का? 'धिस पॉडकास्ट विल किल यू' 2017 साली दोघींनी सुरू केला, एरिन वेल्श आणि एरिन ऑलमन अपडाइक. पहिलाच भाग 1918 च्या फ्लूवर. त्या एकेक रोग घेतात आणि जंतू शरीरात काय करतो, रोगाचा इतिहास काय, आज त्याची स्थिती काय, असं सगळं उलगडून सांगतात. 'बेडसाइड राउंड्स' करणारे ॲडम रॉडमन स्वतः बॉस्टनमध्ये रुग्ण तपासतात, आणि वैद्यकातली एखादी समजूत कशी रुजली, कशी मोडली, ते सांगतात. डॉक्टर विचार कसा करतो, कुठे चुकतो, हे पाठ्यपुस्तकात ऐकू येत नाही.

आमच्या दवाखान्यातल्या मावशींची मुलगी गेल्या वर्षी नीटला बसली. मावशींच्याच फोनवर, तांदूळ निवडता निवडता, कॉलऱ्यावरचा एक भाग तिनं ऐकला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन विचारते, "मॅडम, जुलाब झाले तर नुसतं मिठाचं पाणी का नाही चालत? साखर कशाला?" मी पेशंट थांबवून तिला कागदावर काढून दाखवलं. लहान आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी वाहत राहतं, तरी हे दार चालू राहतं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. ती मुलगी तो कागद घडी करून घेऊन गेली.

आणि 2024 पासून नीटच्या अभ्यासक्रमात पचन आणि शोषणाचा धडाच नाही. वगळला. म्हणजे तुमच्या हिशेबानं तिचा तो तास वाया गेला. पावसाळ्यात माझ्याकडे रोज जुलाबाचे पेशंट येतात. उद्या ती माझ्या खुर्चीत बसली तर कोणत्या ओळीवर त्यांना वाचवणार? तिला मार्क किती पडले ते विचारू नका, तो तिचा खाजगी मामला आहे.

कुतूहल हे भरल्या पोटाचं लक्षण असतं तर विंचवाच्या दंशावर महाडला काम झालं नसतं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणात, हाताशी फारशी साधनं नसताना, दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विषामुळे शरीरात कॅटेकोलामाइन्सचा (ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा) पूर येतो, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं, हे ओळखून त्यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. त्यांचं काम लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. ॲड्रिनल ग्रंथीच्या धड्यात कॅटेकोलामाइन्स हा शब्द तुमच्या मुलांनी पाठ केलेला असेलच. त्या शब्दामागे महाडचा पेशंट आहे, हे त्यांना कुणीतरी ऐकवायला नको?

बाकीचे मुद्दे. दीड महिना उरला आहे, हे खरं. 180 मिनिटांत 180 प्रश्न, त्यातले 90 जीवशास्त्राचे, चुकलं की एक गुण वजा, हे मला ठाऊक आहे. एनसीईआरटी सोडा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. कुणी कधी ऐकावं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मराठी कार्यक्रम नाहीत, ही तक्रार माझ्याकडे करून काय उपयोग? नीट मराठीतून देता येते, पण पुढे एमबीबीएसला पुस्तकं इंग्रजीच असतात. आणि लातूरला येऊन राहायचं म्हणाल, तर पंधरा वर्षं मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते आहे. पुण्यामुंबईतून लिहिते असं तुम्ही धरून चाललात, विचारलं नाहीत.

'डॉक्टरीणबाई' या संबोधनावर काही म्हणायचं नव्हतं, पण म्हणते. पुरुष डॉक्टरला तुम्ही 'डॉक्टरसाहेब' म्हणाला असतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमची मुलगी किंवा मुलगा क्लासला असेल असं समजते. परीक्षा झाली की त्यांना 1918 च्या फ्लूचा तो पहिला भाग ऐकू द्या, आणि पटलं की नाही ते त्यांनी स्वतः इथे लिहावं. त्या वेळी तुम्ही त्यांच्या वतीनं लिहू नका.