फीत कधी कापली ते सोडा, पैसा कधी ठरला ते सांगा

आठवडाभर एक फॉरवर्ड नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय: "1929 च्या महामंदीत लोक रडत बसले नाहीत. एम्पायर स्टेट, हूवर धरण, गोल्डन गेट पूल, सगळं सरकारच्या मदतीशिवाय, निव्वळ धाडसावर उभं राहिलं आणि मंदी पळाली. आपला नाशिकरोडचा नोट प्रेसही त्याच काळातला." आमच्या ग्रुपवर तो एका बिल्डरकाकांनी टाकला. त्यांची स्कीम दोन वर्षं चौथ्या स्लॅबवर अडकली आहे, तेव्हा हुरूप समजू शकतो.

घरचं आधी. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेसची सुरुवात 1925 ची, नोट प्रेसची 1928 ची. अमेरिकेचा शेअर बाजार कोसळून मंदीला तोंड फुटलं ते ऑक्टोबर 1929 मध्ये. विषय संपला.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट या गगनचुंबी इमारतीची घोषणा ऑगस्ट 1929 ची, म्हणजे ऐन तेजीतली. काम मार्च 1930 मध्ये सुरू झालं आणि 1 मे 1931 ला उद्घाटन. 102 मजले चौदा महिन्यांच्या आत! इथे टोपी काढायलाच हवी. मंदीचा फायदा झाला तो असा, की माल आणि मजूर स्वस्त झाले. अंदाज होता सुमारे 5 कोटी डॉलरचा, जमिनीसकट भागलं साधारण 4.1 कोटीत. पण पुढे? भाडेकरू मिळेनात. लोक 'एम्प्टी स्टेट' म्हणून चिडवू लागले. पहिल्या वर्षी वरच्या गच्चीच्या तिकिटांतून जेवढे पैसे आले, जवळपास तेवढंच सगळ्या इमारतीचं भाडं. काकांनी हे वाचलेलं नसावं.

हूवर धरणाचा कायदा डिसेंबर 1928 चा आणि पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा. सहा कंपन्यांच्या गटाने 1931 मध्ये जवळपास 4.9 कोटी डॉलरचा ठेका घेतला, एवढाच यातला खासगी भाग. 'सरकारी मदतीशिवाय' म्हणायचं असेल, तर मग गंगापूर धरणही ठेकेदाराने पदरमोड करून बांधलं म्हणा. ऑगस्ट 1931 मध्ये तिथल्या मजुरांनी संप केला. तो काही दिवसांत मोडला, कारण कामासाठी बाहेर बेकारांची रांग उभी होती. बांधकामातले मृत्यू अधिकृत आकड्याप्रमाणे 96. फॉरवर्डमध्ये त्यांना जागा नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाबद्दल मात्र फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. नोव्हेंबर 1930 मध्ये, मंदी दारात असताना, तिथल्या मतदारांनी 3.5 कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. तारण काय, तर स्वतःची घरं, शेतं, दुकानं. रोखे खपेनात, शेवटी 1932 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने हात दिला. कर्जाची परतफेड टोलमधून, थेट 1971 पर्यंत. धाडस होतंच, पण ते मत देऊन डोक्यावर घेतलेल्या सार्वजनिक कर्जाचं.

राहिलं 'मंदी पळाली'. पूल 1937 मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी अमेरिका पुन्हा घसरली. बेकारी खरी हटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या ऑर्डरी आल्यावर. तोवर पोटाला आधार दिला तो रस्ते, शाळा, गटारं असल्या बिनचेहऱ्याच्या कामांनी. 1935 ते 1943 मध्ये तिथल्या सरकारी योजनेत सुमारे 85 लाख लोकांनी असं काम केलं. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं सिन्नर-येवल्याकडे आजही भेटतील. पाझर तलाव, नालाबांध त्याच हातांनी झाले. पुढे रोजगार हमीसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते हेच.

आता नाशिकची निओ मेट्रो, म्हणजे रबरी टायरवर धावणारी मेट्रो, घ्या. फेब्रुवारी 2021, कोरोनाने सगळं ठप्प, आणि केंद्राच्या अर्थसंकल्पात 2,092 कोटींची घोषणा. फॉरवर्डच्या हिशेबाने ही मंदीतली झेपच झाली. कुणाला तिचा खांब दिसला, तर फोटो टाका ग्रुपवर.