मूळ गाव आलं मुळावर

आजोबा गेले की घरात कोणीतरी म्हणतंच, "वर्ष सरलं की गोव्याला मुळावर जाऊन येऊ, त्यांची फार इच्छा होती." सगळे माना डोलावतात. नेमकं कुठे जायचं हे कोणालाच माहीत नाही, हा शोध गाडीवाल्याने "जायचं कुठे?" विचारल्यावर लागतो.

कारण गोवेकराचं मूळ एका जागी सापडेल तर शपथ. आडनाव एका गावाचं, घर दुसऱ्या गावात, कुलदैवत तिसऱ्या तालुक्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा देवांनीच बिऱ्हाडं हलवली. मंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला आला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. नागेश तेवढा पहिल्यापासून बांदोड्याचाच. त्याच्या भक्तांचा मला हेवा वाटतो, त्यांचं पेट्रोल वाचतं.

तेव्हा निघण्याआधी जुन्या लग्नपत्रिका काढा. "प्रसन्न"च्या आधी ज्याचं नाव छापलंय तो आपला देव. नावं दोन असली तर देवळंही दोन. गोत्र आत्याला विचारा आणि कागदावर लिहून घ्या. गाभाऱ्यासमोर भटजींनी विचारल्यावर नातू हटकून आडनाव सांगतो. सुतकाचे आणि वर्षभराचे नियम घरोघरी वेगळे, तेही आधीच विचारलेले बरे.

मंगेशीला जायचं तर मडगावपेक्षा करमळी स्टेशन जवळ. पणजी-फोंडा बस मंगेशी आणि म्हार्दोळ दोन्हीकडे थांबते. सोमवारी मंगेशाची पालखी असते. ती बघायचीय की निवांत अभिषेक करायचाय ते ठरवा, दोन्ही एका दिवशी जमवणारे संध्याकाळी एकमेकांशी बोलत नाहीत. अग्रशाळेतली, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतली खोली आधी फोन करून मागा आणि आपण कुळावी आहोत, म्हणजे हे आपलं कुलदैवत आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. अभिषेकाला बसणाऱ्या पुरुषाने धोतर किंवा सोवळं नेसायचं, अंगात शर्ट नाही. धोतर नेसता येतं की नाही याची परीक्षा घरी घ्यावी, देवळाच्या चौकात नव्हे.

नारळ हिशेबापेक्षा दोन जास्त घ्या. मुख्य देवाचा सगळ्यांना आठवतो, परिवारदेवतांचा कोणाला आठवत नाही. मंगेशीला मागे मूळकेश्वर आहे. घरी पोचल्यावर तुळस आणि वाड्याची, म्हणजे वस्तीची राखण करणारा देव, राखणदार. राखणदाराला काही वाड्यांवर विडी आणि सोरोही (दारू) लागतो. हे खातं कोणा काकाकडे द्यायचं ते जपून ठरवा.

कौल घ्यायचा, म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा असला तर वेळ हाताशी ठेवा. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतात, उजवी पडली की होकार. पावसाळ्यात पाकळी लवकर सुकत नाही, मग गाऱ्हाणं पुन्हा घालतात आणि तिकडे गाडीवाला हॉर्न वाजवतो. प्रश्न एकच विचारा. "घर विकू की दुरुस्त करू, आणि धाकट्याचं लग्न कधी" यावर देव तरी काय करणार?

घराच्या कागदांना मात्र देवही हात लावत नाही. उताऱ्यावर अजून आजोबाच असतील तर सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या स्पेशल नोटरीकडे वारसाची नोंद आधी. गोव्याच्या कायद्यात सहसा अर्धा हिस्सा आजीचा, उरलेल्यात मुली मुलांच्या बरोबरीच्या. विकायचं झालं तर सुनांच्या आणि जावयांच्याही सह्या लागतात. दुबईच्या जावयाला आधी फोन करा. इतक्या वर्षांत त्याला मान द्यायचा राहून गेलेला असतो आणि तो ते विसरलेला नसतो.