चाके टेकण्याआधीचा धोका

लहान विमाने बर्फावर उतरवण्याविषयीचा लेख वाचला. बर्फाच्छादित धावपट्टीवर ब्रेक नीट लागत नाहीत आणि लहान विमान घसरत जाते, हा त्यातील मुद्दा योग्यच आहे; मात्र सगळा भर त्यावरच राहिल्यामुळे चाके टेकण्याआधीचा धोका मागे पडला आहे, असे मला वाटते. आभाळ भरून आलेले असताना ताज्या, अखंड बर्फावर सावल्या पडत नाहीत, जमीन आणि आकाश यांमधली रेषा पुसली जाते आणि आपण नेमके किती उंचीवर आहोत, याचा डोळ्यांना अंदाजच येत नाही. दुर्गम धावपट्ट्यांच्या कडेने झाडांच्या गडद फांद्या खोचून ठेवण्याची साधी पद्धत म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

बर्फाची खोलीही वरून कळत नाही. भुसभुशीत बर्फात पुढचे चाक रुतले, तर विमान नाकावर आपटू शकते. स्की (बर्फावरून घसरण्यासाठीच्या लांब, सपाट पट्ट्या) लावलेली विमानेही निर्धास्त नसतात, कारण गोठलेल्या तलावावर कोरड्या दिसणाऱ्या थराखाली पाणी साचलेले असू शकते. त्यामुळे अनुभवी वैमानिक आधी स्की पृष्ठभागावर घासत नेतात, न थांबता पुन्हा वर जातात आणि उमटलेल्या खुणा पाणी झिरपून काळपट होत आहेत का, हे पाहूनच उतरतात.

धावपट्टीची स्थिती ० ते ६ या अंकांत कळवण्याची जागतिक पद्धत २०२१ मध्ये लागू झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु एकाकी पट्टीवर मोजमाप करायला माणूसच नसतो, आणि या उणिवेची दखल लेखात घ्यायला हवी होती.