बॅटरीची वायर काढून इंजिन बरं होत नाही

सेकंडहँड गाडी घेतलेल्यांच्या फोनवर सध्या एक संदेश फिरतोय. मथळा असा: ‘मेकॅनिक हे तुम्हाला कधीच सांगणार नाही’. खाली पाच उपाय. चेक इंजिनचा दिवा लागला तर बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवा. स्वस्तातला स्कॅनर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) घ्या आणि तो जो कोड दाखवेल तो पार्ट बदला. मिसिंग असेल, म्हणजे इंजिन अडखळत असेल, तर चारही प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही कॉइल एकदम बदला. सायलेन्सरमधून पांढरा धूर किंवा पाणी आलं तर हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) गेलं समजा. आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासायचा तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघा.

मला हा संदेश चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. चौघांच्याही गाड्या जुन्या आहेत आणि चौघांनाही गॅरेजच्या खर्चाचा घोर लागलेला आहे. घरी स्वतः तपासणी करावी हे मलाही मनापासून पटतं, म्हणूनच हे लिहितोय. संदेशातल्या पद्धतीने गेलात तर पैसे जातील, दोष तसाच राहील, आणि एका उपायाने तर गाडीचा मेंदूच जळू शकतो.

पहिला उपाय. वायर काढली की बहुतेक जुन्या गाड्यांत दिवा खरंच विझतो. पण विझतं काय? ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, स्मरणातला दोषाचा कोड जातो. त्याबरोबर कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, लोड किती होता, ही सगळी नोंदही जाते. या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा तोच एक साक्षीदार असतो आणि आपण त्यालाच घालवतो. दोष मात्र जागेवरच. आठ-दहा दिवसांत दिवा परत लागतो आणि आपण म्हणतो, ‘रिसेट केलं होतं, तरी परत आलं.’

हीच युक्ती गाडी विकणाराही करू शकतो. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना स्कॅनर सोबत न्या आणि ‘रेडीनेस मॉनिटर’ उघडा. ईसीयू स्वतःच्या चाचण्या चालवत असतो, त्यातल्या किती पूर्ण झाल्या ते तिथे दिसतं. कोड उडवले की या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. दिवा बंद, कोड एकही नाही, पण कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सरच्या चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर बहुधा नुकतेच कोड उडवलेत किंवा बॅटरी काढली होती. सरळ विचारा. बॅटरी नवी टाकली असेल तर तिचं बिल असेल.

दुसऱ्या उपायातला अर्धा भाग बरोबर आहे. स्कॅनर घ्याच. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बहुतेक गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची पद्धत) आहे, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट सापडतो. चूक आहे ती ‘कोड दाखवेल तो पार्ट बदला’ यात. कोड पार्टचं नाव सांगत नाही, तो तक्रार सांगतो. पी०१७१ म्हणजे ‘मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त’. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरने नोंदवलेली असते, म्हणून लोक सेन्सरच बदलतात. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून द्यावा, तसं हे झालं.

मी स्वतः हे केलंय. माझी २०१४ ची पेट्रोल गाडी मी घेतली तेव्हा तिचे लाखभर किलोमीटर झाले होते. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, तीही गरम झाल्यावरच. कोड पी०१७१. गॅरेजमध्ये सेन्सर बदलून घेतला, साडेचार हजार गेले, नवव्या दिवशी दिवा परत. मग एका रविवारी स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून बसलो आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघितला. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा. साधारण दहाच्या आत असला की ठीक. माझा आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक १९ होता. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरली तर अधिक ४ वर आला.

सगळं उत्तर या दोन आकड्यांत होतं. कुठून तरी चोरटी हवा आत शिरत असेल तर आयडलिंगला, जेव्हा इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, तिचा वाटा मोठा असतो. रेस दिली की एकूण हवा वाढते आणि तोच वाटा नगण्य होतो. उलट चित्र दिसलं, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि लोडवर आकडा चढत गेला, तर पेट्रोलच्या पंपाकडे किंवा फिल्टरकडे बघायचं. ई-२० पेट्रोलला हवेच्या मानाने इंधन थोडं जास्त लागतं, त्यामुळे जुन्या गाडीत आकडा काही टक्के वर दिसेल, पण तो दोन्हीकडे जवळपास सारखाच वर असेल.

हवा कुठून येते ते शोधायला इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली. कॉइल आणि कनेक्टर टाळून एकेका रबरी पाइपवर बारीक फवारा मारत गेलो. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) मागे पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत आत खेचणारा, पाइप वळतो, तिथे फवारा पडला आणि इंजिनचा आवाज क्षणभर बदलला. गार झाल्यावर पाइप काढला. वळणाच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर होती. गार असताना तिच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या, बोटांनी वाकवल्याशिवाय दिसेना. गरम होऊन रबर मऊ पडलं की ती उघडायची. पाइप तीनशे रुपयांत आला. (काही व्हिडिओंत पाण्याऐवजी कार्ब क्लीनर मारायला सांगतात. ते ज्वालाग्राही असतं, तापलेल्या इंजिनवर ते अजिबात मारू नका.)

प्लग-कॉइल एकदम बदलण्याबद्दल. कोड पी०३०१ असेल तर मिसिंग पहिल्या सिलिंडरमध्ये आहे. इंजिन बंद करून, गार झाल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा, मग कोड उडवून गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, एकच घ्या. जागेवर राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही हलला नाही, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). कॉम्प्रेशन कमी भरलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. सीएनजीवर बरीच वर्षं पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीटा झिजलेल्या असू शकतात, तिथे नवे प्लग काय करणार? सीएनजीवाल्यांनी तर आधी पेट्रोलवर चालवून बघावं. गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमकुवत झालेला प्लग किंवा कॉइल आधी गॅसवर उघडा पडतो. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तपासणी नंतर, आधी गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (तोच वरचा कॅटॅलिस्ट) जाऊन तो तापतो, आणि त्याची किंमत हजारोंच्या घरात आहे.

पांढऱ्या धुराला लोक उगाच घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. थंडीच्या सकाळी सायलेन्सर गार असतो, ती वाफ तिथे थिजते आणि थेंब गळतात. इंजिन गरम झाल्यावरही धूर दाट राहिला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बाहेर कुठेही न गळता कमी होत गेलं, किंवा कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखालची पांढरट साय एकटी पुरावा नाही, पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती येते. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.

आता पाचवा उपाय. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका. डायनामोच्या काळात ही सवय खपून गेली. आजच्या गाडीत बॅटरी अल्टरनेटरच्या झटक्यांना उशीसारखी झेलत असते. ती अचानक तोडली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, अल्टरनेटरचे डायोड, म्युझिक सिस्टिम, यातलं काहीही जळू शकतं. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलना लावा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्या चार्जिंग गरजेनुसार कमीजास्त करतात, त्यांत हेडलाइट आणि पंखा लावून बघा. काम दोन मिनिटांचं आहे.

हा संदेश तुम्ही कुणाला पाठवला असेल, तर त्यांना फोन करून निदान हा पाचवा उपाय करू नका असं आजच सांगा.