‘घरबसल्या’ लिहिणाऱ्याचं उत्तर

निनावी वाचक, नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “चिकन स्वस्त झालं म्हणून मांसाहार वाढला, हे घरबसल्या लिहिलेलं अर्धवट अर्थशास्त्र आहे. श्रावण, जात, बाहेरचं खाणं, 2015चा गोवंश हत्याबंदी कायदा, यातलं काहीच लेखकाला दिसत नाही.”

मतभेदाचं वाईट वाटत नाही, पण ‘घरबसल्या’ कशाला? मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलो. तिथे मटण वाट्यावर मिळायचं. चार घरं मिळून बोकड कापायची, पळसाच्या पानांवर वाटे मांडायची. आपल्या वाट्यात काळजाचा तुकडा पडला का, हे आजी वाकून बघायची. एरवी जत्रा, नाहीतर जावई आला तर घरची कोंबडी. श्रावण आम्ही कडक पाळायचो. उरलेले अकरा महिने मटण नसायचं ते धर्मामुळे नव्हे, खिशामुळे. श्रावण त्या घरांत आजही पाळतात. फक्त आता दर रविवारी चिकन शिजतं.

ते का परवडतं? ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला कोंबडा, सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरतो. कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते. शेतकऱ्याची शेड आणि राबणूक, पैसे पक्ष्याच्या वजनावर. शेळी पाच महिने गाभण राहते आणि एक-दोन करडं देते. तिला कुठली कंपनी घाई करणार? म्हणून मटणाचा भाव चिकनच्या तिपटीला भिडतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, काकांची शेड होती. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आमचे धडधाकट पक्षी कुणी फुकट नेईना. तेव्हा मी शेडमध्ये होतो. तुम्ही कुठे होतात, देव जाणे.

बाहेरच्या खाण्याचं म्हणाल, तर तेवढं मान्य करून टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मांस-मासे कधीच न खाणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 2015-16 मधल्या 21.6 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 16.6 वर आलं. बायकांचं जेमतेम हललं. पुरुष घराबाहेर जास्त खातात, हे एक कारण असू शकतं. पण बाहेर तरी ते काय मागवतात? चिकनच ना?

जात आणि 2015चा कायदा हे वेगळ्या लेखाचे विषय आहेत. सगळं एकाच पानात कोंबायला मी काही खाटीक नाही. आणि पुढच्या वेळी नाव लावून लिहा. मी लावतो.