निपाणीच्या दादांना उत्तर: विकत घेतलेल्या शस्त्राला कुलूप कशाला?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की निम्मं खरं आहे. नाहीतर खाली दोन ओळी खरडून मोकळा झालो असतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी ठासून लिहिलं होतं की सगळ्या खेळांत, पैसे देऊन घेतलेल्या डीएलसीतली (मूळ गेमला नंतर जोडून विकलेल्या भागातली) शस्त्रंसुद्धा खेळूनच उघडावीत, घेतल्या घेतल्या हातात पडू नयेत. त्यावर दादा लिहितात: "दुकान नऊला बंद करतो, अकराला खेळायला बसतो. त्या मोठ्या कटानासाठी (जपानी तलवार) 'एल्डन रिंग' गेमची डीएलसी घेतली आणि दारातच अडकलोय. पैसे घेऊन मालाला कुलूप लावलं तर माझं गिऱ्हाईक काउंटर फोडेल. तुम्हा पोरांना वेळ आहे, म्हणून घामाचं कौतुक."

मी पोर नाही हो. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात सेकंड शिफ्ट करतो. घरी पोचायला साडेअकरा, हाताचा कूलंटचा वास जाईपर्यंत साबण लावायचा, झाकून ठेवलेली भाकरी खायची आणि बाराला कंट्रोलर हातात. वेळेच्या बाबतीत आपण एकाच गल्लीतले.

पण गिऱ्हाइकाचा मुद्दा पटला. मी 'सगळ्या खेळांत' असं लिहिलं, ती चूक. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये तुम्ही पहिल्या दिवशी तलवार घेतलीत तर माझं काय जातं? सायबरपंक गेमच्या 'फँटम लिबर्टी' या डीएलसीत, २०२३ साली, नवा खेळ सुरू करतानाच विचारतात की थेट नव्या भागात जायचंय का; हो म्हटलं की तयार कॅरेक्टर देऊन सोडतात. कुणाचं काही बिघडलं नाही.

माझ्या डोक्यात होते ते चारचौघांत खेळायचे खेळ. खडेबाजारात एका जिन्याखाली नेट कॅफे होता, आठ मशिनं, त्यातली दोन कायम बंद. तिथं आम्ही काउंटर स्ट्राइक खेळायचो. पहिल्या राउंडला सगळ्यांच्या खात्यात ८०० डॉलर, खेळातले. एडब्ल्यूपी ही भारी बंदूक हवी तर ४,७५० साठवायचे, तेही मारून आणि जिंकून. मालक अण्णा काउंटरवरून "ऐदु निमिष!" ओरडला की उरलेल्या पाच मिनिटांत लोक वेड्यासारखे धावायचे. सराफाच्या पोराला खिशातल्या नोटांनी फक्त जास्त तास मिळायचे, जास्त चांगली बंदूक कधीच नाही.

हे लिहिताना लक्षात येतंय की तास हीसुद्धा श्रीमंतीच. तो जास्त खेळायचा म्हणून त्याचा हात बसला होता. आता वर त्याला तासांच्या बदल्यात भारी बंदूकही दिली, तर तुमच्यामाझ्यासारख्याला दोन्हीकडून मार. हा तुमचा मुद्दा मागच्या लेखात मी विचारातच घेतला नव्हता.

तरीही पैसे टाकले की लगेच शस्त्र, हे माझ्या गळी उतरत नाही, आणि त्याचं कारण घाम नाही. कुलूप लावणारा आणि किल्ली विकणारा एकच असला की कुलूप मोठं होत जातं. बॅटलफील्ड ३ बघा. डिसेंबर २०११ मध्ये त्याची 'बॅक टू करकंड' ही डीएलसी आली. १० नवी शस्त्रं, आणि डीएलसी घेतली तरी नेमून दिलेली कामं केल्यावरच ती उघडायची. इथवर ठीक होतं, मला ते आवडायचंही. पण २०१२ मध्ये त्याच गेमचे शॉर्टकट पॅक विकायला आले: पैसे द्या, मूळ गेममधली शस्त्रं खेळून न कमावता घ्या. मग ती मेहनत शिकवण्यासाठी होती की कंटाळा आणण्यासाठी? (कबूल करतो, एक पॅक मीही घेतला होता. तो पगार पहिला होता.)

त्याचा कळस नोव्हेंबर २०१७ मध्ये, स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २. एकानं ८० डॉलरची महागडी आवृत्ती घेतली आणि बघतो तर डार्थ व्हेडर या पात्रालाच कुलूप. किंमत ६०,००० क्रेडिट्स, म्हणजे खेळातले पैसे. कुणीतरी हिशेब मांडला तो सुमारे ४० तासांचा निघाला. कंपनीनं समजावलं की कमावल्याचा अभिमान वाटावा म्हणून असं केलंय. त्या उत्तराला रेडिटवर सहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती दिली. मग व्हेडर १५,००० वर आणला, पण गेममधली गोष्ट पूर्ण केल्याचं बक्षीसही २०,००० वरून ५,००० केलं! म्हणजे भाव उतरवला आणि त्याच हातानं वजनाच्या काट्याखाली चुंबक लावला. तुम्ही दुकानदार आहात, हा प्रकार तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. शेवटी गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी पैशांची खरेदी बंद करावी लागली.

आमच्या गल्लीतल्या पोरांना हा फरक न शिकवता कळतो. बीजीएमआयमध्ये एम४१६ बंदूक सगळ्यांना जमिनीवरच पडलेली मिळते. पैसेवाल्याची बर्फासारखी चमकते, गोळी तेवढीच लागते. फ्री फायरमध्ये बंदुकीच्या कित्येक स्किननी (विकतच्या रंगरूपांनी) मात्र डॅमेज किंवा फायरिंगचा वेग वाढायचा. भाचा एकदा हरून आला आणि म्हणाला, "मामा, त्येच्या बंदुकीतच पैसे हाईत की!"

रेनबो सिक्स सीजमधली तडजोड मला बरी वाटली होती. पैसे देऊन सीझन पास घेतलेल्याला नवे ऑपरेटर (खेळायची पात्रं) सात दिवस आधी आणि लगेच. बाकीच्यांना तेच ऑपरेटर खेळून, २५,००० रिनाउनला, म्हणजे खेळून मिळणाऱ्या गुणांना. पासवाल्याच्या हातात आठवडाभर एकट्याचा माल राहायचा, हे खटकायचं. पण माणूस तोच आणि बंदूकही तीच. ते २५,००० निम्मे असते तर मी गप्प बसलो असतो.

आता तुमचं दार. 'शॅडो ऑफ द एर्डट्री'त, म्हणजे तुम्ही घेतलेल्या डीएलसीत, शिरायला आधी मूळ गेममधल्या राडान आणि मोहग या दोन मोठ्या शत्रूंना हरवावं लागतं, आणि मूळ गोष्ट संपवणाऱ्याला मोहग भेटेलच असं नाही. पाटी मोठी लावायला हवी होती, तुमचा राग योग्यच. पण मोहगला वगळायची किल्ली ते कुणालाच विकत नाहीत, म्हणून याला मी हट्ट म्हणेन, लबाडी म्हणणार नाही.

राडान तुम्ही उरकलाय असं धरतो. मोहगसाठी 'मोहगची बेडी' ही वस्तू आहे, ती लेंडेल शहराखालच्या गटारांत सापडते. पहिल्या टप्प्यात ती वापरली की तो जमिनीला खिळतो, तेवढ्यात जेवढं मारता येईल तेवढं मारून घ्या. मग तो तीनदा मोजून रक्त ओढतो, त्यासाठी प्युरिफाइंग क्रिस्टल टिअर हा थेंब फ्लास्कमध्ये (औषधाच्या बाटलीत) घालून ठेवा. आल्टस या भागातल्या मारिकाच्या दुसऱ्या चर्चपाशी एलिओनोरा या शत्रूला हरवलं की तो थेंब मिळतो. तीही सोपी नाही, तिच्यापायी माझे दोन रविवार गेले. अडलात तर इथंच लिहा, बारानंतर मी असतोच.