प्राडा, पायताण आणि आमचा शाळेचा ग्रुप

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा ह्या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये पोरं आपल्या कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला घालून चालली आणि खाली नुसतं 'लेदर सँडल' लिहिलेलं, तेव्हाचा दंगा सगळ्यांनी बघितलाय. मग कंपनीनं व्यापाऱ्यांच्या महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा कोल्हापुरीचीच, त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली, आणि डिसेंबरात आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या लिडकर ह्या तसल्याच महामंडळाशी करार झाला की दोन हजार जोड तिथल्याच कारागिरांकडून करून घेणार आणि साधारण आठशे युरोला विकणार. मला वाटलं, मिटला विषय. कुठला मिटतोय! आता भांडण त्या आठशे युरोंवर. एक पार्टी म्हणते लुटारू आहेत, हजाराची वस्तू ऐंशी हजाराला विकतात. दुसरी म्हणते अरे जग ओळखतंय ना आता, गप बसा की. मी रात्री इथं म्युनिकच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, बसून वरपर्यंत स्क्रोल केलं, शंभरेक मेसेजमध्ये एकाही माणसानं हे विचारलेलं नाही की त्या जोडामागं करणाऱ्याच्या हातात किती पडणार.

म्हणून मीच विचारलं. तर पुण्यात आयटीत असलेल्या आमच्या एका दोस्ताचं उत्तर आलं, "तुला काय भावा, तू युरोत कमावतोस, तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस."

बरं. नाही शिकवत. पण बोलतो, कारण झोंबलंय.

म्युनिकला आल्यावर पहिल्यांदा घरात पाइप गळायला लागला तेव्हा हांडवेर्कर, म्हणजे दुरुस्तीवाला कारागीर, बोलावला होता. टर्मिन, म्हणजे वेळ, मिळायलाच कितीतरी दिवस गेले. माणूस आला, बूट न काढता आत गेला, अर्ध्या तासात काम करून गेला आणि नंतर जे बिल आलं त्यात कामाचे तास वेगळे, साहित्य वेगळं, येण्याजाण्याचे वेगळे आणि त्यावर १९ टक्के टॅक्स. म्हणजे तो माणूस माझ्या घरापर्यंत गाडी चालवत आला त्याचेही पैसे मी दिले. आणि गंमत अशी की मी हूं की चूं न करता दिले. मी, जो कोल्हापूरच्या महाद्वार रोडला पाच रुपयांसाठी अर्धा तास उभा राहायचो. इथं भाव करायचा नसतो हे कुणी सांगितलं नव्हतं, त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघूनच ते कळतं.

आता कोल्हापुरी जोडाचं असं बिल करून बघा. चामडं पाण्यात भिजवा, फर्म्यावर कापा, ठोकून ठोकून बसवा, मग तळ आणि टाच चामड्याच्याच वादीनं शिवा, त्यात खिळा नाही काही नाही. चांगल्या कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) जोडाची वेणी बघितलीय कधी जवळून? दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी केलेलं असतं, स्वयंपाक उरकून, दारात उजेडाला बसून. मी ज्यांच्याकडून घेतो ते मामा सुभाषनगरचे. त्यांच्या मामी चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून वेणी घालतात आणि बोलता बोलता एकदाही खाली बघत नाहीत. त्यांच्या त्या तासांचा भाव कुठल्या ओळीत लिहायचा? कुठल्याच नाही, कारण जोडाच्या किमतीत तो 'घरचंच काम' म्हणून धरलेला असतो.

इथं बव्हेरियात चामड्याचा असाच एक धंदा आहे, म्हणून मला हे जास्तच दिसतं. लेडरहोजं, इथली पारंपरिक चामड्याची चड्डी. खरी असेल तर ती हरणाच्या चामड्याची, माशाच्या तेलात कमावलेली, आणि शिवणारा तो झेकलर. माझा एक कलीग आहे, टेगर्नझेच्या बाजूचा, त्यानं लग्नासाठी शिवून घेतली. माप दिल्यानंतर वर्ष उलटलं तरी पत्ता नाही, किंमत हजार युरोच्या कितीतरी वर, आणि हा गडी ते अभिमानानं सांगत फिरत होता. वर कमरेला जो रुंद पट्टा असतो त्यावरचं भरतकाम धाग्याचं नसतं, मोराच्या पिसाचा कणा चिरून त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांनी केलेलं असतं. मोर आपला, भरतकाम ह्यांचं. (यावरून आपण अजून दंगा केलेला नाही, कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.)

आणि सप्टेंबरात वीझन, म्हणजे ऑक्टोबरफेस्ट, लागलं की अख्ख्या शहरात जी लेडरहोजं दिसतात त्यातली कितीतरी पाकिस्तानातून, भारतातून शिवून आलेली असतात, शंभर-दीडशे युरोवाली. माझीही तीच. झेकलर लोक ह्यावर चिडतात का? चिडतात, कुरकुरतात, पण त्यांचं दुकान बंद पडत नाही कारण त्यांच्याकडं येणारं गिऱ्हाईक वेगळं आहे आणि ते वर्षभर थांबायला तयार आहे. मला एवढंच म्हणायचंय की नक्कल सगळीकडं होते. प्रश्न असलीला गिऱ्हाईक आहे का हा आहे. हेच मी ग्रुपवर लिहिलं तर 'जर्मन जावई' म्हणून स्टिकर आला.

आणि ते चोरी चोरी जे चाललंय ना, त्याचं कायद्याचं एकदा ऐकून घ्या. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव वापरू देणारी नोंदणी, २०१९ ला मिळाला, आणि तो एकट्या कोल्हापूरला नाही, आठ जिल्ह्यांना मिळून: आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मालक कोण, तर दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. म्हणजे ज्या बेळगावसाठी आपण साठ-सत्तर वर्षं भांडतोय तिथल्याच लोकांबरोबर आपली चपलेत भागीदारी आहे आणि अथणीचा कारागीर कानडीत बोलत कोल्हापुरी करतो. ग्रुपवर हे टाकल्यावर दहा मिनिटं सगळे गप्प होते. मग मुंबई हायकोर्टात प्राडाविरुद्ध जी जनहित याचिका गेली होती ती कोर्टानं जुलै २०२५ मध्येच काढून टाकली, कारण साधं विचारलं की तुम्ही कोण? तक्रार असेल तर ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्यानं यावं.

शिवाय हा जीआय मिलानमध्ये चालतच नव्हता. युरोपियन युनियनमध्ये चीजला, वाईनला, हॅमला असलं संरक्षण कधीपासून आहे, पण हातकामाच्या वस्तूंना युनियनभर लागू होणारा कायदा अमलात आला तो १ डिसेंबर २०२५ ला. झोलिंगनच्या सुऱ्यांसाठी जर्मनीला १९३८ मध्ये आपला वेगळा कायदा करावा लागला होता. आणि बिर्केनस्टॉक? ज्यांची सँडल इथं अर्धा देश घरात आणि बाहेर घालतो, ते कार्ल्सरुहच्या कोर्टात गेले होते की आमच्या सँडलला कलाकृती म्हणा आणि बाकीच्यांना नक्कल करू देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं, नाही, ही चांगली कारागिरी असेल, कला नाही. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंदलेली कंपनी, वकिलांची फौज, तरी हरली, आणि आपण व्हॉट्सॲपवर डीपी बदलून प्राडाला अडवणार.

मामांना मी ह्या सगळ्यावर फोनवर विचारलं होतं. त्यांना प्राडाचं फारसं पडलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं चामड्याचं. पूर्वी गावातच कमावलेलं चामडं मिळायचं, बाभळीची साल आणि हिरड्यात घातलेलं, आता बराच माल चेन्नईकडून येतो आणि तिथला व्यापारी म्हणेल तो भाव. २०१५ ला बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून म्हशीच्या कातड्यावरच काय ते, आणि वाहतूक करणाऱ्याच्या गाडीला रस्त्यात कोण अडवेल ह्याचा नेम नाही. दुसरं म्हणजे सिंथेटिक. जोतिबाला, अंबाबाईच्या देवळाबाहेर जी 'कोल्हापुरी' दोनशे-तीनशेला मिळते ती रबर आणि रेक्झिनची, कुठून येते देव जाणे, आणि मुंबईचा पर्यटक तीच घेऊन खूश. आमच्या नावानं आमचाच धंदा मारणारी ती चप्पल मिलानहून आलेली नाही हो. पण तिच्यावर कुणी हॅशटॅग काढत नाही.

आणि तिसरं त्यांनी सहज सांगितलं, पोरगा एमआयडीसीत सुपरवायझर आहे. "त्यानं आरी, रापी कशाला हातात घ्यायची? लगीन जमंना त्याचं, मग नोकरी धरली, जमलं."

ह्याला माझ्याकडं जर्मन उत्तर नाही. नाही म्हणजे इथंही मोची संपत आलेत, २००४ ला ह्यांनी त्रेपन्न धंद्यांवरची माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराच्या परीक्षेची, सक्ती काढली आणि २०२० मध्ये त्यातल्या बाराच धंद्यांना परत लावली, कुंभारकामाला आणि चपलाबुटांना पोरं मिळत नाहीत म्हणून रडगाणं इथल्या पेपरातही असतं. ते मी ग्रुपवर सांगितलं नाही, माझ्या मुद्द्याला धरून नव्हतं. पण लग्न जमत नाही म्हणून धंदा सोडला हे इथं नाही ऐकलेलं.

ते टेगर्नझेवाल्याचं पुढचं सांगतो. उन्हाळ्यात ऑफिसच्या बिअरगार्टनला मी कापशी घालून गेलो, कर्र कर्र वाजत, म्हणजे वाजेल अशीच मुद्दाम करून घेतलेली. त्यानं लगेच ओळखलं, "ती प्राडावाली?" आणि मी असा फुगलो म्हणून सांगू, ओरिजिनल आहे, माझ्या गावची, प्राडानं आमच्याकडून घेतली, शाहू महाराजांपासून सगळा इतिहास ऐकवला. तो मन लावून ऐकत होता, त्याच्या गावातला झेकलर त्याच्या आजोबांचा पत्त्यातला दोस्त होता, रविवारी एका टेबलाशी बसायचे. म्हणून त्यानं सहजच विचारलं, "मग तुमच्या घरी करतात का कुणी?"

मी जवळजवळ दचकून नाही म्हणालो. छे छे, आम्ही नाही, दुसरे लोक करतात. जर्मनमध्ये बोलताना ते 'दुसरे लोक' फार स्वच्छ ऐकू आलं. आमच्या घरी आजोबांच्या काळात जोड घेऊन येणारा माणूस ओट्याच्या खालीच उभा राहायचा, आजोबा पाय पुढं करायचे, तो माप घ्यायचा, पैसे वरून हातात टाकले जायचे. माझ्या बापाच्या काळात तो ओट्यावर आला. घरात चहाला कधी आलेला मला आठवत नाही. आणि आज आमच्या त्याच गल्लीतली सगळी पोरं 'आमची कोल्हापुरी', 'आमचा वारसा' म्हणून प्राडाच्या नावानं बोंब मारतायत, मी सगळ्यात पुढं, आणि तेही बारा हजार रुपयांची लेडरहोजं कपाटात लटकवून. इथं मला कुणी बव्हेरियन म्हणत नाही, म्हणायचंही कारण नाही. तिकडची चप्पल तरी माझी म्हणावी, तर ती मी फक्त विकत घेतलेली.

शाहू महाराजांचा फोटो सगळ्यांच्या पोस्टवर होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला लावून स्वतः भर रस्त्यात तिथला चहा पिणारे तेच ते महाराज. ते कुणाच्या पोस्टवर नव्हतं.

असो. टेगर्नझेवाल्याला जोड हवाय. त्याची पावलं एवढी मोठी की मामांना नवा फर्मा लागेल, म्हणून ए-थ्री कागदावर पेन्सिलनं दोन्ही पावलं काढून, फोटो काढून पाठवली. मामांनी खूप वेळ बघून विचारलं, "तिकडं सगळ्यांचीच अशी लांब हाईत व्हय? मग प्राडावाल्यांनी बी मापं धाडली असतील." मग भाव सांगितला, तीन हजार, आणि वर म्हणाले पावसात चामडं वाळत नाही, दसऱ्याच्या आत मागू नका, निम्मे पैसे आधी टाका. माझ्या तोंडात 'काही कमी करा की मामा' आलंच होतं, टाइप पण झालं होतं, पुसलं. नंतर ग्रुपवर तो भाव टाकला, तर आयटीवाल्याचं म्हणणं की गंडवतोय तुला, देवळाजवळ बाराशेत मिळते, फोटो पण पाठवला, लांबूनच रेक्झिन दिसत होतं. कलीगला मी जरा ओशाळूनच सांगितलं की उशीर लागेल, ॲडव्हान्स पाहिजे, शिवाय पोस्टाचा खर्च चपलेइतकाच होईल. तो म्हणाला ठीक आहे, झेकलरकडं ह्याच्यापेक्षा जास्त थांबलो होतो, आणि अकाउंट नंबर मागितला.